परतीची वाट कोणासाठी?

ओळखीपाळखीच्या लोकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवून देणं, हे माझं रविवारचं काम आहे. त्याचे मी पैसे घेत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार संपला, तेव्हापासून विचारणाऱ्यांची संख्या वाढली आहे. विंडोज ११ ला यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या डेस्कटॉपमध्ये टीपीएम २.० सहसा नसतं. यंत्र धडधाकट असतं, मालकाला नवं घेणं परवडणारं नसतं, आणि जुनं विंडोज घेऊन इंटरनेटवर वावरणं दिवसेंदिवस धोक्याचं होत जातं. मग कोणीतरी माझं नाव सुचवतं.

या कामात एक गोष्ट मी चुकवत नाही. डिस्कवर काहीही लिहिण्याआधी तिच्या बूट रेकॉर्डची प्रत काढून ठेवतो. ही सवय चांगली आहे, जाणकार तिची शिफारस करतात, मीही शिकणाऱ्या मुलांना तेच सांगतो. पण चांगल्या सवयीच्या आडही माणसाला लपता येतं. म्हणून ही सवयच मनासमोर ठेवून विचारायचं आहे की हे मी कोणासाठी करतो.

बूट रेकॉर्ड म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण माझा प्रश्न त्याच्या रचनेतूनच निघाला आहे. जुन्या पद्धतीच्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं की मदरबोर्डवरचा बायोस हा प्रोग्राम यंत्राची जुजबी तपासणी करतो आणि हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर मेमरीत घेतो. हा सेक्टर ५१२ बाइट्सचा असतो. त्यातले पहिले ४४६ बाइट्स पुढे काय सुरू करायचं हे ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी. नंतरचे ६४ बाइट्स म्हणजे पार्टिशन टेबल. त्यात १६-१६ बाइट्सच्या चार नोंदी असतात आणि डिस्कचा कोणता भाग कुठून सुरू होतो, केवढा आहे, हे त्या सांगतात. शेवटच्या दोन बाइट्सवर ५५ आणि एए ही खूण असते. मार्च १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर पीसी-डॉस २.० आलं, तेव्हापासूनचा हा आराखडा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट्स लागतात, म्हणजे या अख्ख्या जागेत मराठीची १७० चिन्हं जेमतेम मावतील. एवढ्याशा जागेवर घरातल्या सगळ्या फोटोंपर्यंत, हिशेबांपर्यंत पोचण्याचा रस्ता अवलंबून असतो.

ड्युअल बूट, म्हणजे एकाच यंत्रावर दोन सिस्टीम, करताना नेमकं इथेच लिहावं लागतं. लिनक्ससाठी जागा काढली की ६४ बाइट्सचं टेबल बदलतं. ग्रब हा बूटलोडर बसवला की ४४६ बाइट्सवर विंडोजचा प्रोग्राम जाऊन ग्रबचा येतो. म्हणून प्रत आधी घ्यायची. कृती अगदी लहान आहे. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून यंत्र चालू करायचं, टर्मिनल उघडायचं आणि डीडी ही आज्ञा द्यायची. कुठून घ्यायचं, कुठे ठेवायचं, एका वेळी ५१२ बाइट्स, एकदाच. एंटर दाबताक्षणी फाइल तयार होते. डीडी काही विचारत नाही. ‘कुठून’ आणि ‘कुठे’ यांची अदलाबदल झाली तर तितक्याच निमूटपणे भलत्या डिस्कवर लिहून मोकळी होते. म्हणून एंटरवर बोट ठेवण्याआधी मी डिस्कचं नाव, मॉडेल आणि आकार पुन्हा पुन्हा वाचतो.

फाइल तयार झाली की मनाला स्वस्थता येते. आता काहीही झालं तरी परत येता येईल, असं वाटतं. मला तपासायची आहे ती ही स्वस्थता.

तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीसमोरच्या गाळ्यात एक ताई डीटीपीचं काम करतात. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, श्रद्धांजलीचे फ्लेक्स. कॉम्प्युटर जुना, विंडोज १० चालवणारा. त्यात श्रीलिपी, कोरल ड्रॉ आणि पेजमेकर. मागच्या बाजूला श्रीलिपीचं यूएसबी लॉक, ते निघू नये म्हणून चिकटपट्टी लावलेलं. युनिकोड सगळीकडे रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये केलेलं त्यांचं जुनं काम दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं तर अक्षरांच्या जागी नुसती चिन्हांची गर्दी दिसते. त्यामुळे विंडोज जाऊन चालणार नव्हतं. ऑनलाइन अर्ज, ईमेल आणि बँकेचे व्यवहार लिनक्सवर आणि छपाईचं काम इंटरनेट बंद ठेवून विंडोजवर, अशी वाटणी करायची होती.

मी काम सुरू करत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, “सर, माझं श्रीलिपी, कोरल आणि सगळी कामं आहे तशीच राहतील ना?”

उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं: ‘राहतील, बॅकअप घेतलाय.’ शब्दाला शब्द लावून पाहिलं तर वाक्य खरं होतं, कारण बूट रेकॉर्डची प्रत माझ्या पेन ड्राइव्हवर होती. पण ताईंना त्यातून काय ऐकू गेलं असतं? त्यांच्या मते बॅकअप म्हणजे पत्रिकांचे साचे, अहवाल, गिऱ्हाइकांचे फोटो. माझ्यापाशी होते ५१२ बाइट्स, ज्यात त्यांचं एक अक्षरही नव्हतं. खऱ्या वाक्यानेही समोरच्याची खोटी समजूत करून देता येते, आणि जो विषय फक्त आपल्यालाच कळतो त्यात ते फार सोपं असतं.

मी थांबलो. त्यांच्याकडे कामाची दुसरी प्रत होती का, ते विचारलं. थोडंफार पेन ड्राइव्हवर होतं, बाकी सगळं डी ड्राइव्हमध्ये. “मग आज हात लावायचा नाही. आधी एक बाहेरची डिस्क घ्या, सगळं काम तिच्यावर उतरवून घ्या, आणि दोन-चार फाइल तिथून उघडून बघा,” असं सांगितलं. त्यांनी ते मान्य केलं. आणि मला मात्र रविवार फुकट गेल्याची चुटपुट लागली. ती चुटपुट लक्षात घेण्यासारखी आहे. खऱ्या काळजीला वेळ लागला की मला टोचणी लागते. बूट रेकॉर्डची प्रत क्षणात होते, म्हणून तिचा मला कधी कंटाळा येत नाही. माझी काळजी माझ्या सोयीच्या मापाने कापलेली असते की काय, ही शंका मला तिथे पहिल्यांदा आली.

मग त्यांच्या प्रश्नाच्या मापाने ते ५१२ बाइट्स पुन्हा तपासून पाहिले. टेबलात फक्त चार नोंदी मावतात. ताईंचं डी ड्राइव्ह होतं लॉजिकल पार्टिशन. अशा पार्टिशनचा पत्ता पहिल्या सेक्टरात नसतो. तो एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत, साखळीने जोडलेल्या वेगळ्या नोंदींत असतो. म्हणजे त्यांचं सगळं काम ज्या भागात होतं, त्याच भागाचा ठावठिकाणा माझ्या प्रतीत नव्हता. त्यासाठी एसएफडिस्क या आज्ञेने पूर्ण टेबल साध्या मजकुरात उतरवून घ्यावं लागतं. ते कागदावर छापताही येतं.

पहिल्या सेक्टरनंतर पहिलं पार्टिशन सुरू होईपर्यंत मोकळी जागा असते. विंडोज व्हिस्टापासून पहिलं पार्टिशन सहसा २०४८व्या सेक्टरपासून, म्हणजे १ एमबीनंतर सुरू होतं. ग्रबचा मुख्य भाग ४४६ बाइट्समध्ये मावत नाही, तो या जागेत जाऊन बसतो. ती आपण मोकळी समजतो, पण काही व्यावसायिक सॉफ्टवेअर परवान्याची खूण तिथे लपवत आली आहेत. फ्लेक्सनेट ही परवाना-व्यवस्था ३२वा सेक्टर वापरत असे. ग्रबला ती खूण सापडली तर तो सेक्टर टाळतो आणि तसं सांगतोही. पण ग्रबला माहीत नसलेली एखादी खूण तिथे असली तर? म्हणून पहिल्या सेक्टरऐवजी पहिल्या २०४८ सेक्टरांची प्रत घेणं रास्त. आज्ञेत एक आकडा बदलतो, फाइल १ एमबीची होते, वेळ तेवढाच लागतो.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मन रमत होतं ते त्या एका सेक्टरवर. असं का, याचं उत्तर खोदत गेलो तेव्हा जे हाती आलं ते सुखद नाही. माझ्या कामानंतर विंडोज सुरू झालं नाही तर ते त्याच क्षणी दिसतं. गिऱ्हाईक दारात उभं असतं, पडदा काळा असतो, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होतं की सरांनी चालता कॉम्प्युटर बंद पाडला. उलट एखादं जुनं फोल्डर गेलं तर ते कधीतरी पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये, अहवालाच्या वेळी लक्षात येईल. तेव्हा त्याचा संबंध माझ्या रविवारशी कोणी जोडणार नाही. बूट रेकॉर्डची प्रत ज्या नुकसानापासून वाचवते, ते नेमकं मला दोष येईल असं नुकसान आहे. मालकाचं खरं नुकसान ज्यात आहे, त्याची जबाबदारी मी ‘तुमचा डेटा तुम्ही बघा’ म्हणून सहज त्यांच्या अंगावर टाकतो.

नुसतं प्रत घेणं हे काही पुण्य नाही, हे बूट रेकॉर्डच्या इतिहासातच दिसतं. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ब्रेन हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरवर बसत असे. मूळ बूट सेक्टर तो फेकून देत नसे. दुसरीकडे हलवून ती जागा खराब म्हणून नोंदवत असे. कोणी बूट सेक्टर वाचायला गेलं की ही जतन केलेली मूळ प्रत पुढे करत असे, म्हणजे तपासणाऱ्याला सगळं ठीक दिसे. त्यानंतरच्या वर्षी न्यूझीलंडमध्ये निघालेला स्टोन्ड हा व्हायरस हार्ड डिस्कचा मूळ बूट रेकॉर्ड त्याच ट्रॅकच्या सातव्या सेक्टरमध्ये ठेवत असे, आणि स्वतःचं काम उरकून यंत्राचा ताबा त्याच्याकडे देत असे. यंत्र नेहमीसारखं चालू झालं नाही तर पकडले जाऊ, म्हणून ही सगळी निगा.

आता याच्या शेजारी लिलो ठेवून पाहावा. ग्रबच्या आधी लिनक्सवर सर्रास वापरला जाणारा हा बूटलोडर वर्नर आल्मेसबर्गर यांनी लिहिला. तो पहिल्यांदा बसताना आधीचा बूट सेक्टर स्वतःहून बूट फोल्डरमधल्या फाइलीत ठेवत असे. पहिल्या आयडीई डिस्कसाठी त्या फाइलीच्या नावात ०३०० हा आकडा असे. आधीची अशी प्रत तिथे असेल तर तिच्यावर पुन्हा लिहीत नसे, म्हणजे कितीही वेळा बसवला तरी पहिली, मूळ प्रत शाबूत राहत असे. आणि वापरणाऱ्याला लिलो नको झाला तर तीच प्रत परत जागेवर ठेवायची सोयही त्यातच होती.

कृती दोन्हीकडे एकच. जुनं उचलायचं, बाजूला ठेवायचं, स्वतः त्या जागी बसायचं. व्हायरसने प्रत ठेवली ती मालकाला पत्ता लागू नये म्हणून, लिलोने ठेवली ती मालकाला पाहिजे तेव्हा परत जाता यावं म्हणून. माझी प्रत यातली कोणती? माझ्याच पेन ड्राइव्हवर, माझ्याच खिशात, मालकाला न सांगता, न समजावता राहिलेली प्रत लिलोच्या बाजूची आहे, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? माझा हेतू व्हायरसचा नाही, हे खरं. पण मालकाच्या हाती काही लागलं नाही, हेही तितकंच खरं.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तो माझ्या श्रद्धेचा आहे. बूट रेकॉर्डचा हा आराखडा ज्या वर्षी आला त्याच वर्षी, २७ सप्टेंबर १९८३ ला, रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. वापरणाऱ्याला स्वातंत्र्य हवं, या विचाराने माझं तरुणपण घडवलं. लिनक्स बसवून देणं हे मला केवळ दुरुस्तीचं काम वाटत नाही, त्यात मी काहीतरी चांगलं पसरवतो असं मला वाटतं. इथेच पाय घसरण्याची जागा आहे. समोरचा माणूस अडचण घेऊन येतो आणि मला त्याच्यात अनुयायी दिसू लागतो. त्याने ‘परत पहिल्यासारखं करून द्या’ म्हटलं तर ती मला माझ्या विचाराची हार वाटते. ज्या विचाराचा पाया वापरणाऱ्याचं स्वातंत्र्य आहे, त्याच विचारासाठी मी समोरच्याचं परत फिरण्याचं स्वातंत्र्य नकळत आवळत असेन, तर माझी निष्ठा त्या विचारावर आहे की माझ्या म्हणण्यावर?

हे तात्त्विक वाटेल, पण ते एका ओळीत येऊन ठेपतं. ग्रबच्या यादीत कोणतं नाव आधी उजळलेलं असावं, काही सेकंद वाट पाहून काहीच दाबलं नाही तर कोणती सिस्टीम सुरू व्हावी, हे एका सेटिंगवर ठरतं. काही न बदलता सोडलं तर सहसा लिनक्स सुरू होतं. मला ते आवडतं, म्हणून मी ते तसंच ठेवत आलो होतो. ताईंचं सकाळचं पहिलं काम असतं कोरल उघडणं, समोर प्रूफ बघायला गिऱ्हाईक बसलेलं असतं. त्यांच्या यंत्रावर विंडोज आधी असायला हवं, आणि कामाची प्रत झाल्यावर, पुढच्या खेपेला, मी ते तसं ठेवलं. मूळ ग्रबमध्ये तर २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून शेजारची सिस्टीम आपणहून शोधणं बंद आहे, ते मुद्दाम चालू करावं लागतं. म्हणजे जुन्याला यादीत जागा मिळावी, आणि ती त्याच्या मालकाच्या सवयीप्रमाणे मिळावी, यासाठी बसवणाऱ्याने आवर्जून हात हलवला पाहिजे. तो हलवताना माझं मन जरा कचरलं, हे नोंदवून ठेवतो.

यात पैसे न घेण्याचाही भाग आहे. दुकानात दुरुस्तीला दिलेलं यंत्र बिघडून आलं तर माणूस भांडतो, पावती दाखवतो. फुकट काम करणाऱ्याशी कोणी भांडत नाही. ‘सरांनी आपला वेळ दिला, आता त्यांना काय बोलायचं’ म्हणून लोक गप्प राहतात. पैसे न घेऊन मी लोकांवर उपकार करतो असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात पैशाबरोबर त्यांचा जाब विचारण्याचा हक्कही मी घेऊन टाकतो. जिथे समोरचा विचारत नाही तिथे स्वतःलाच विचारावं लागतं, आणि अधिक कडकपणे.

प्रत परत कशी ठेवायची, याच्यावरही मी बराच विचार केला. ड्युअल बूट झाल्यानंतर टेबल बदललेलं असतं, त्यात लिनक्सची पार्टिशनं आलेली असतात. अशा वेळी जुने ५१२ बाइट्स जसेच्या तसे ओतले तर ग्रब तर जाईलच, पण जुनं टेबलही परत येईल आणि नव्या पार्टिशनांची नोंद पुसली जाईल. ताईंनी मधल्या काळात लिनक्सवर जे काही साठवलं असेल त्याचा रस्ताच नाहीसा होईल. म्हणून केवळ विंडोजचं सुरू होणं परत हवं असेल तर त्या प्रतीतले पहिले ४४६ बाइट्सच जागेवर ठेवायचे, पुढच्या ६४ ना हात लावायचा नाही. आणि ही प्रत त्याच डिस्कसाठी. विंडोज डिस्क ओळखतं ती चार बाइट्सची सही याच ४४६ मध्ये असते, तेव्हा एका यंत्राची प्रत दुसऱ्यावर चालवायची नाही. या बारीकसारीक गोष्टी मला पाठ आहेत. पण मी गावाला गेलेलो असताना, आजारी असताना, किंवा उद्या नसताना ताईंच्या मदतीला जो कोणी येईल, त्याला हे कोण सांगणार? नुसती फाइल देऊन, तिच्यासोबत हे न सांगणं म्हणजे अर्धवट परतीची वाट देणं. कदाचित त्याहून वाईट, कारण प्रत आहे म्हणून कोणीतरी ती उत्साहाने पूर्ण ओतेल.

प्रत खरी उपयोगी आहे की नाही, हे परत जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. आता मी ग्रब बसल्यावर मालकाला शेजारी बसवून ते ४४६ बाइट्स परत ठेवतो आणि यंत्र पुन्हा चालू करतो. यादी न येता थेट विंडोज सुरू होतं. मग पेन ड्राइव्हवरून ग्रब पुन्हा बसवतो. ताईंच्या यंत्रावर त्यांनी स्वतः एंटर दाबलं. विंडोजची निळी खूण आली तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे मला नको झालं तर हे एवढंच करायचं?” त्यांच्या आवाजातला ताण गेलेला होता. त्यानंतर त्यांनी लिनक्सबद्दल पहिल्यांदा मोकळेपणाने प्रश्न विचारले. ज्याला परत जाता येतं हे डोळ्यांनी दिसलेलं असतं, तोच नव्याकडे न घाबरता बघतो. मी वर्षानुवर्षं गुण सांगून जे साधू पाहत होतो, ते परतीची वाट दाखवल्याने साधलं.

नव्या लॅपटॉपवर तर ही माझी सवय नुसतं कर्मकांड ठरू शकते. तिथे जीपीटी पद्धतीचं टेबल असतं. पहिल्या सेक्टरात केवळ जुन्या प्रोग्रामांनी डिस्क रिकामी समजू नये म्हणून ठेवलेली पाटी असते. खरं टेबल तिच्यापुढे असतं, त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. सुरू होण्याचे प्रोग्राम वेगळ्या ईएफआय पार्टिशनात असतात आणि कोण आधी, हा क्रम मदरबोर्डच्या मेमरीत असतो. तिथे ५१२ बाइट्सची प्रत घेऊन मी ‘बॅकअप घेतला’ म्हणालो तर ते स्वतःचं समाधान करणं झालं. तिथे टेबलाची प्रत घ्यायला एसजीडिस्क लागतं, ईएफआय पार्टिशन उतरवून घ्यावं लागतं. आणि सर्वांत आधी डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू आहे का ते पाहून त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मालकाने स्वतःच्या हाताने कागदावर उतरवून घ्यावी लागते. बूटमध्ये फेरफार दिसला की विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही आतलं काही हाती लागत नाही. जुनी सवय नव्या यंत्रावर तशीच वापरणारा माणूस काळजी घेत नसतो, काळजी घेतल्याची आठवण जपत असतो.

एवढं सगळं स्वतःशी बोलून झाल्यावर काही गोष्टी मी स्वतःवर बंधनकारक करून घेतल्या आहेत. मालकाच्या कामाची प्रत बाहेरच्या डिस्कवर असल्याचं आणि ती उघडत असल्याचं स्वतः पाहिल्याशिवाय त्याच्या यंत्राला हात लावायचा नाही, मग तो रविवार गेला तरी चालेल. ‘बॅकअप घेतलाय’ हे वाक्य एकटं बोलायचं नाही. कशाचा घेतला आणि कशाचा नाही, ही दोन्ही उत्तरं त्याच्यासोबत द्यायची. पहिल्या १ एमबीची प्रत आणि टेबलाची यादी मालकाच्या पेन ड्राइव्हवर ठेवायची. कागदावर मराठीत लिहून द्यायचं: कोणती डिस्क, कोणत्या तारखेची प्रत, ४४६ कधी आणि ५१२ का नाही. माझ्याकडे प्रत ठेवायची ती त्यांना विचारूनच. यादीत आधी काय असावं, हे त्यांनी ठरवायचं. आणि काम संपण्याआधी परत जाऊन दाखवायचं.

दोषाची भीती माझ्या मनातून गेलेली नाही, आणि ती पूर्ण जावी असंही मला वाटत नाही. त्या भीतीनेच मला डिस्कचं नाव पुन्हा पुन्हा वाचायला शिकवलं. तिने काम नीट करून घ्यावं. पण काम कोणासाठी आहे, हे तिने ठरवू नये.

मूळ प्रश्नाचं आज मला देता येतं ते उत्तर असं की आजवर ती प्रत बरीचशी माझ्यासाठी होती, थोडी त्यांच्यासाठी. हे प्रमाण उलटं झालं का, हे ओळखायची माझ्यापाशी एकच कसोटी आहे. उद्या कोणी फोन करून म्हणेल, “सर, जमत नाही हो, परत पहिल्यासारखं करून द्या.” त्या क्षणी माझ्या मनात आधी काय येतं? आज अजून आधी खंत येते आणि मग ‘हो’ येतं. ज्या दिवशी ‘हो’ आधी येईल आणि मागोमाग खंत येणार नाही, त्या दिवशी मी म्हणेन की आता मला दुसऱ्याच्या यंत्राला हात लावता येतो. तोवर प्रत्येक यंत्रापुढे बसताना ही कसोटी मी स्वतःला लावत राहणार आहे.